सत्तावन्न हजार चित्रे आणि दोन मैल
(द्वितीय वर्ष, कला)

सायन-पनवेल महामार्गावरून येताजाता जे फलक दिसतात, त्यांत वर्षातून तीन-चार वेळा तरी एखाद्या विज्ञानपटाचा फलक असतोच. दोन मजली उंचीचा नायक, पाठीमागे जळणारे शहर, आकाशात याने, आणि खाली प्रदर्शनाची तारीख. मग वर्तमानपत्रे, मोबाइल, कट्टा आणि कॅन्टीन सगळीकडे एकच विषय. 'रोबोट' (२०१०) आणि 'रा.वन' (२०११) आले तेव्हा मी अगदी लहान होतो; पण '२.०' (२०१८) आणि 'कल्की २८९८ एडी' (२०२४) यांच्या वेळचा गाजावाजा चांगला आठवतो. परदेशी चित्रपटांची तर मोजदादच नको. खर्च किती कोटी, तांत्रिक दृश्ये किती हजार, पहिल्या दिवसाचा गल्ला किती, याचे आकडे आमच्या वर्गातील मुलांना तोंडपाठ असतात. कथा काय होती, हे मात्र आठवडाभराने विचारले तर कुणाला धड सांगता येत नाही.

खरे सांगायचे तर मला या गोंगाटाचा कंटाळा आला आहे. चित्रपटाचा नव्हे, गोंगाटाचा. विमानातून माणसे चंद्रावर उतरावीत, यंत्राला मन फुटावे, हे पाहायला मला अजूनही आवडते. पण पडद्यावर पाहण्याआधीच ते इतक्या वेळा ऐकवले जाते की, तिकीट काढताना आपण एखादी कला पाहायला चाललो आहोत की कुणाच्या हिशेबाच्या वहीत आपला आकडा भरायला, हेच समजेनासे होते.

वडीलधारी माणसे म्हणतात, हा आजच्या काळाचा रोग आहे. पूर्वी असे नव्हते. हे कितपत खरे? याचा शोध घ्यायचा तर ज्या माणसाने आपल्या देशात चित्रपटाचा धंदा उभा केला आणि पडद्यावरचे पहिले चमत्कारही केले, त्याच्याकडेच गेले पाहिजे. तो माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्यांच्या नावाचा पुरस्कार सर्वांना ठाऊक असतो. त्यांचे आयुष्य मात्र फारसे कुणी वाचत नाही.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईस विल्सन कॉलेजात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. शास्त्र्याच्या मुलाने शास्त्री व्हावे ही तेव्हाची रीत. पण धुंडिराज १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे जे मिळेल ते शिकून घेतले.

यानंतरची दहा-पंधरा वर्षे वाचताना मन थक्क होते आणि विषण्णही होते. गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचे दुकान टाकले. प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेले. दुकान बंद पडले. मग ते जादूगिरी शिकले आणि आपले आडनाव उलटे करून प्रोफेसर केळफा या नावाने प्रयोग करू लागले. १९०२ साली दुसरा विवाह झाला. त्या सरस्वतीबाई. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात नोकरीचा राजीनामा, लोणावळ्याला छपाईचा व्यवसाय, रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास आणि शेवटी भागीदारांशी मतभेद होऊन छापखान्यालाही रामराम. चाळिशी आली तेव्हा हाती पैसा नव्हता. हातात कला मात्र पाच-सहा होत्या.

आणि मग १९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहत होते. घरी आल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा तोच खेळ पाहायचा ठरवला. या वेळी सरस्वतीबाईंना घेऊन. त्यानंतर चित्रपट पाहण्याचा असा सपाटा लावला की, डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनच्या बोटीत बसले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसे चालते ते पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि दोन महिन्यांत परतले.

आता भांडवल हवे होते. ते मिळवण्यासाठी दादासाहेबांनी जे केले, ते मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत सुंदर काम वाटते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. दररोज थोडीथोडी चित्रे घ्यायची, कॅमेरा जागचा हलवायचा नाही. असे महिनाभराहून अधिक चालले. ती चित्रे सलग फिरवली तेव्हा मिनिटभरात बीजाला अंकुर फुटला, वेल वर चढला. अंकुराची वाढ दाखवणारी ही लहानशी फिल्म पाहून पैसे देणारे पुढे आले. विचार करा, यात याने नाहीत, स्फोट नाहीत; एक कुंडी आहे. पण माणसाच्या डोळ्याला एरवी कधीच दिसणार नाही ते कॅमेऱ्याने दाखवले. विज्ञानपट या शब्दाचा खरा अर्थ शोधायचा तर मी या कुंडीपाशी थांबेन.

'राजा हरिश्चंद्र' दादरच्या बंगल्यात जवळजवळ सात महिने तयार होत होता. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्यात गेले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना दहाऐवजी पंधरा रुपये पगार देऊन आणले. चित्रपटात काम करणे कमीपणाचे समजत, म्हणून मंडळींनी बाहेर सांगायचे की, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. दिवसा उन्हाचा प्रकाश पात्रांवर पाडण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडीत. श्रेयनामावली म्हणून आज जी न संपणारी यादी आपण पाहतो, ती सुरू होण्यापूर्वीच्या काळातील हे नाव आहे.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट लोकांपुढे आला. मुंबईत तो चालला. सुरतेत मात्र पहिल्या दिवसाचे उत्पन्न अवघे तीन रुपये झाले असे सांगतात. दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकांना तीन आण्यांत तासाभराचा खेळ महाग वाटत होता. चित्रगृहाचा मालक खेळ लांबवा म्हणू लागला. दादासाहेबांनी खेळ लांबवला नाही, जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर फक्त तीन आणे, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवसापासून गर्दी झाली.

म्हणजे आकड्यांचा डंका आजचा नव्हे. तो पहिल्याच चित्रपटाबरोबर जन्मला. हा प्रसंग वाचला तेव्हा मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. गुणाकार केला तर ५९,२०० चित्रे होतात. तेव्हा सत्तावन्न हजार हा आकडा जवळजवळ खरा. पण दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! लांबी जवळजवळ तिप्पट सांगितली गेली होती. आपल्या चित्रपटसृष्टीच्या पहिल्यावहिल्या जाहिरातीत एक आकडा प्रामाणिक आणि एक फुगवलेला, असे दोघे शेजारी शेजारी बसले आहेत. तेव्हा पूर्वीचा काळ सोवळा होता, असे म्हणण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांना राहत नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

मग फाळके आणि आजचे जाहिरातदार यांत फरक काय? मला फरक दिसतो तो पुढील कामात. 'मोहिनी भस्मासुर' (१९१३), 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८), 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत त्यांनी चमत्कारांवर चमत्कार दाखवले. मारुती आकाशातून उडाला, लंका पेटली, बाळकृष्णाने पाण्यात कालियाशी झुंज दिली. 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. पडद्यावर राम दिसताच लोक हात जोडीत, आणि मद्रासला तर तिकिटांची नाणी बैलगाडीतून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, अशी हकीकत आहे. पण याच सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक लहान फिल्मही काढली, आणि 'नवयुग' मासिकात लेख लिहून आपला सगळा खटाटोप वाचकांपुढे मांडला. कोणता जादूगार आपली पिशवी उलटी करून दाखवतो?

'कालियामर्दन'च्या आरंभी तर त्यांनी आणखी धाडस केले. कृष्णाचे काम त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी करीत होती. कथा सुरू होण्यापूर्वी ती मंदाकिनी म्हणूनच पडद्यावर येते, चेहऱ्यावर निरनिराळे भाव आणून दाखवते, आणि मग तिचा कृष्ण होतो. ही माझी मुलगी आहे, हे आधी सांगून टाकायचे आणि तरीही लोकांना कृष्णच दिसावा, हा आत्मविश्वास कामातून येतो. आजचा गोंगाट नेमका उलटा. तो कसे केले ते सांगत नाही, किती लागले तेवढे सांगतो.

साता समुद्रापलीकडे असाच दुसरा एक जादूगार होऊन गेला. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस यांनी १९०२ साली चंद्रावरील सफरीचा चित्रपट काढला. कॅमेरा थांबवायचा, पात्र हलवायचे, पुन्हा सुरू करायचा. हीच त्यांची गुरुकिल्ली. आजच्या सर्व विज्ञानपटांचे ते आजोबा. पण पुढे दिवाळे निघून त्यांना पॅरिसच्या एका रेल्वे स्थानकात खेळण्यांचे दुकान चालवावे लागले.

फाळक्यांची अखेरही फार निराळी नव्हती. १९१८ साली भागीदार घेऊन हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैसा आला आणि पैशाबरोबर हिशेब विचारणारेही आले. पटेना म्हणून दादासाहेब सारे सोडून काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते परत आले, पण पूर्वीचे दिवस आले नाहीत. १९३१ मध्ये बोलपट आला आणि आता नव्या चमत्काराचा डंका वाजू लागला. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून सुरू झाला आणि त्याला मागाहून ध्वनी जोडावा लागला. १९३७ सालचा 'गंगावतरण' हा कोल्हापूर सिनेटोनचा चित्रपट त्यांचा एकमेव खरा बोलपट. त्याला सुमारे अडीच लाख रुपये लागले. विम्याच्या पॉलिसीवर उभ्या राहिलेल्या माणसाला आयुष्यात इतके भांडवल प्रथमच मिळाले होते. त्यानंतर त्यांनी चित्रपट काढला नाही.

१९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला. ज्यांच्यामुळे महोत्सव, त्यांना या धंद्याने विसरून गेल्याची जाणीव काहींना झाली. शांताराम बापूंनी पुढाकार घेऊन निधी जमवला आणि त्यातून नाशिकला त्यांचे घर झाले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेब गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशाचा सर्वोच्च चित्रपट पुरस्कार दिला जातो.

त्यांनी नव्वदांहून अधिक चित्रपट आणि पंचवीसच्या वर लघुपट काढले. त्यांतले बहुतेक नष्ट झाले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरली आहेत; तीही १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. दोन मैलांची जाहिरात मात्र प्रत्येक पुस्तकात शाबूत आहे. चित्र गेले, डंका उरला! मला या गोष्टीचे फार वाईट वाटते. शंभर वर्षांनी आजच्या विज्ञानपटांचेही असेच झाले, कोटींचे आकडे राहिले आणि एकही दृश्य कुणाच्या मनात राहिले नाही, तर त्यात प्रेक्षकांचाही वाटा असेल. आकडे पाठ करणारे आपणच आहोत.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक सूचना करावीशी वाटते. आमच्या वाङ्मय मंडळाने पुढील वर्षी सभागृहात 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळे आणि 'कालियामर्दन' दाखवावे. दोन्ही मिळून दीड तासाच्या आत आटोपतील. सूचनाफलकावर फक्त नाव आणि वेळ लिहावी. खर्च किती, गल्ला किती, यातले काही लिहू नये. मंदाकिनी आधी मुलगी म्हणून येईल आणि मग कृष्ण होईल. त्या क्षणी सभागृहात किती जण मोबाइलकडे पाहतात, हे मला मागच्या बाकावर बसून मोजायचे आहे. तेवढा एक आकडा माझ्या उपयोगाचा आहे.