राजा सर टी. माधवराव

आमची दिवेआगरची पोफळीची वाडी पणजोबांनी कूळ म्हणून शिंपली. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर ती त्यांच्या नावावर झाली. त्यामुळे माधवरावांचे चरित्र वाचताना मी १८६५ या सालापाशी थबकलो.

माधवरावांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम येथे, तंजावरकडील मराठी घराण्यात झाला. तिशीच्या आतच त्रावणकोर संस्थानाचा कारभार त्यांच्या हाती आला. खजिना रिता होता. त्यांनी मिरीचा सरकारी मक्ता मोडला, कर्ज फेडले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनीच्या कुळांना मालकी मिळाली. आमच्याआधी ब्याण्णव वर्षे!

तरीही ते जुन्या वळणाचेच. त्यांच्याच कारकिर्दीत, १८५९ साली, नाडार स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा मिळाली, ती मद्रास सरकारच्या दडपणामुळे. उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र घेऊ नये, ही अट राहिलीच.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले. बडोद्याची विसकटलेली घडी माधवरावांनी बसविली आणि सावरलेले राज्य तरुण सयाजीरावांच्या हाती दिले. १८९१ साली ते वारले.

त्यांनी हिशेब चोख केला, माणसांची उतरंड मात्र हलविली नाही. आमचा सातबारा आजी अजून ट्रंकेत जपते. त्या कुळांचा आनंद मला समजतो. पण त्या अटीपुढे माझे कौतुक अडते.