मोठे लॉन लवकर कापायचे कसे? पहिले लॉन मॉवर बनवणाऱ्या एडविन बडिंग यांची गोष्ट

तुमचे कृषी पर्यटन केंद्र असेल, मंगल कार्यालयाचे लॉन असेल किंवा शाळेचे मैदान तुमच्या देखरेखीखाली असेल, तर पावसाळ्यातली अडचण तुम्हाला वेगळी सांगायला नको. एका टोकाकडून गवत कापत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकाची हरळी पुन्हा वर आलेली असते. माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. मग आपण दुकानात जातो आणि विचारतो, इंजिन किती एचपीचे आहे? हा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याआधी विचारायचे दोन प्रश्न आहेत: यंत्र एका फेरीत किती रुंद पट्टा कापते, आणि आपले गवत कापायच्या वेळी किती उंच असते. लॉन मॉवर ज्यांनी पहिल्यांदा बनवले, त्या एडविन बियर्ड बडिंग यांची गोष्ट वाचली की हे दोन्ही प्रश्न लगेच उलगडतात.

कापडाच्या गिरणीतून आलेली कल्पना

बडिंग यांचा जन्म 1796 च्या सुमारास इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर भागात झाला. सुरुवात सुतारकामाने झाली आणि पुढे ते यंत्रांकडे वळले. स्ट्राउड या गावाच्या आसपासच्या दऱ्यांत तेव्हा लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. ओढ्याच्या पाण्यावर त्या चालत. सैनिकांच्या लाल गणवेशाचे कापड ही या भागाची ओळख. गिरण्यांची यंत्रे बनवणे, मोडलेली दुरुस्त करणे आणि चालतात त्यांत सुधारणा करणे, हे बडिंग यांचे रोजचे काम होते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरपासून मळणी यंत्रापर्यंत सगळे हाताळणारा एखादा फिटर असतो ना, तशी ही असामी.

लोकरीचे कापड विणून झाले की त्यावर तंतू उभे राहतात. घोंगडीवरून हात फिरवला की लागतात तसेच. गणवेशाचे कापड गुळगुळीत हवे असे, म्हणून हे तंतू कापावे लागत. पूर्वी हे काम कसबी कारागीर मोठ्या कात्रीने करत. पुढे त्यासाठी यंत्र आले. त्यात एका फिरत्या नळकांड्यावर पिळदार पाती बसवलेली असत आणि त्याखाली एक सरळ, स्थिर पाते. मधून कापड सरकले की उभे तंतू सगळे एका उंचीवर छाटले जात. हे यंत्र बडिंग यांच्या पाहण्यात होते. जे कापडावर चालते ते गवतावर का चालणार नाही, असा विचार त्यांनी केला.

या विचारामागची गरज मोठी होती. त्या काळी मोठ्या बागांतली हिरवळ लांब दांड्याच्या, रुंद पात्याच्या विळ्याने उभ्याने कापत. बारीक गवत सुकले की पात्यापुढे वाकते, कापले जात नाही. त्यामुळे पहाटे दव असताना काम सुरू करावे लागे, आणि ऊन चढले की हात थांबत. हात बसलेला माणूस नसेल तर हिरवळीवर अर्धगोल चट्टे उमटत. मागून झाडूवाले कापलेले गवत गोळा करत. म्हणजे वेळ ठरलेली, माणसे ठरलेली आणि कसब दुर्मिळ. कोरड्या गवतावर, कोणत्याही वेळी, साध्या मजुराच्या हातून एकसारखी कापणी होणे, हा या यंत्राचा पहिला फायदा होता. वेग त्यानंतर आला.

1830 चा ऑगस्ट

बडिंग यांच्याकडे कल्पना होती, भांडवल नव्हते. थ्रप या गावी जॉन फेराबी यांचा फिनिक्स आयर्न वर्क्स हा लोखंडी कामाचा कारखाना होता. मे 1830 मध्ये दोघांत करार झाला. खर्च फेराबी यांनी करायचा, आणि यंत्र बनवण्याचे, विकण्याचे व इतरांना परवाना देण्याचे हक्क त्यांच्याकडे राहायचे. 31 ऑगस्ट 1830 रोजी पेटंट मिळाले. लोक वेड्यात काढतील म्हणून बडिंग रात्रीच्या अंधारात यंत्र चालवून पाहत, अशी एक गोष्ट सांगितली जाते. खरी असेल नसेल, पण नवीन औजार पहिल्यांदा शेतात उतरवताना बांधावर जमणारी मंडळी ज्याने पाहिली आहेत, त्याला ती पटेल.

त्याच ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडच्या केंट परगण्यात शेतमजुरांनी मळणी यंत्रे फोडायला सुरुवात केली होती. हिवाळ्यातली मळणी हे त्यांचे पोट होते आणि यंत्राने ते हिरावले होते. पुढच्या काही महिन्यांत हे लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. अनेकांना तुरुंगवास झाला, शेकडो लोकांना शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियाकडे पाठवले गेले. गवत कापणीच्या यंत्राला असा विरोध झाला नाही. ते श्रीमंतांच्या बागेतले होते, आणि सुरुवातीला फार थोडे विकले गेले. तरी हिशेब तोच होता. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाने सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक घेतले. तिथल्या बागेच्या मुकादमाचा अनुभव असा, की विळे आणि झाडू घेतलेली सहा ते आठ माणसे जेवढे काम करतील तेवढे हे एकटे करते. पेटंटच्या कागदात बडिंग यांनी यंत्राची भलावण करताना, गावाकडच्या सधन मंडळींना ते चालवण्यात करमणूक आणि व्यायामही मिळेल, असे सुचवले होते. ज्यांनी ते अवजड लोखंडी धूड ढकलले असेल त्यांनी व्यायामाबद्दल नक्कीच मान डोलावली असेल. करमणुकीचे सांगता येत नाही.

यंत्र चालायचे कसे

पहिल्या यंत्राची कापणीची रुंदी 19 इंच होती. मागे जड लोखंडी रूळ. माणूस ढकलू लागला की रूळ फिरे, आणि दातेरी चाकांमधून ती गती पात्यांच्या नळकांड्याला मिळे. रुळाच्या एका फेऱ्यात नळकांडे सोळा फेरे घेई. मधला एक छोटा रूळ वर-खाली करून कापणीची उंची ठरवता येई. कापलेले गवत पुढे बसवलेल्या तसराळ्यासारख्या पेटीत पडे, म्हणून झाडूवाल्यांचे काम वाचले. यंत्र इतके जड होते की लवकरच पुढे ओढायला आणखी एक मूठ बसवावी लागली. एकाने ढकलायचे, दुसऱ्याने ओढायचे.

आता आपला हिशेब करू. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर. 19 इंच म्हणजे साधारण 48 सेंटिमीटर. या रुंदीने एक एकर कापायला जवळजवळ साडेआठ किलोमीटर चालावे लागते, तेही पट्ट्यावर पट्टा अजिबात न चढवता. ताशी 3 किलोमीटर चाल धरली तर पावणेतीन तास. वळणे, पेटी रिकामी करणे आणि पट्ट्यांची थोडी चढण मिळवली की साडेतीन तास सहज होतात. आज बाजारात मिळणाऱ्या 21 इंची यंत्राची स्थितीही फार वेगळी नाही. एकराला सुमारे साडेसात किलोमीटर चाल पडते. इंजिन कितीही दमदार असले तरी मागे चालणारा माणूस तोच असतो. रुंदी एक मीटर झाली की हीच चाल चार किलोमीटरवर येते, आणि ट्रॅक्टरच्या दीड मीटर रुंदीच्या स्लॅशरला तीन किलोमीटरपेक्षाही कमी. म्हणून यंत्र घेण्याआधी लॉनचे क्षेत्र मोजा आणि एकराला किती किलोमीटर पडतात ते काढा. सूत्र सोपे आहे: 4,047 ला रुंदीच्या मीटरने भागा.

रुंदी वाढली, घोडा आला

1832 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम या नांगर बनवणाऱ्या कारखान्याने परवाना घेऊन बडिंग यांची यंत्रे बनवायला सुरुवात केली. पुढच्या दशकात स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावच्या अलेक्झांडर शँक्स यांनी 27 इंच रुंदीचे, तट्टू जोडायचे यंत्र आणले. नंतर त्याहून रुंद, घोड्याची यंत्रे आली. वेळ वाचला, पण खूर हिरवळीत रुतू लागले. त्यावर उपाय म्हणून घोड्यांच्या पायांत चामड्याचे जोडे घालत.

हे जोडे आज आपल्यालाही लागतात. भारी काळ्या जमिनीवर ओल असताना ट्रॅक्टर किंवा बसून चालवायचे यंत्र घातले की चाकोऱ्या पडतात, माती दबते, आणि हरळीच्या मुळांना हवा मिळत नाही. मोठे यंत्र घेणार असाल तर लॉनसाठीचे रुंद, सपाट टायर आहेत का ते पाहा. पावसानंतर वापसा आल्याशिवाय यंत्र आत घालू नका. दर वेळी कापणीची दिशाही बदला. निचरा कमी असलेल्या लॉनवर मी स्वतः एक आकार लहान पण हलके यंत्र पसंत करेन, मग अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

बडिंग यांच्या यंत्राची मर्यादा

पिळदार पाती आणि खालचे स्थिर पाते मिळून गवत कात्रीसारखे कापतात. काप स्वच्छ येतो, टोके फाटत नाहीत आणि पिवळी पडत नाहीत. क्रिकेटची खेळपट्टी, गोल्फचे ग्रीन किंवा बारीक पानाच्या हरळीचे नीट सांभाळलेले लॉन असेल तर आजही यालाच पहिली पसंती. पण गवत उंच वाढले की ते पात्यांमध्ये शिरण्याआधीच पुढच्या बाजूला आडवे होते. खडा किंवा खिळा सापडला तर स्थिर पात्याची धार जाते. दोन्ही पात्यांमधले अंतर कागद कापला जाईल इतके नेमके ठेवावे लागते. हे जमवणारा माणूस हाताशी नसेल तर हे यंत्र घेऊ नये.

आडवे फिरणारे पाते असलेले रोटरी मॉवर मात्र नुसत्या वेगाने गवत तोडते. 20व्या शतकात लहान पेट्रोल इंजिने स्वस्त झाली आणि ते घरोघरी पोहोचले. काप थोडा ओबडधोबड येतो, पण उंच, दाट, ओबडधोबड वाढलेल्या गवतात ते अडत नाही. लग्नाच्या लॉनवर, जिथे दर हंगामात बाटल्यांची झाकणे, टाचण्या आणि मंडपाचे खिळे सापडतात, तिथे माझ्या मते रोटरीच बरे. मात्र कापण्याआधी फेरी मारून कचरा वेचाच, कारण हे पाते खडा गोळीसारखा फेकते. आसपास मुले, माणसे किंवा जनावरे नसावीत.

द्राक्ष किंवा संत्रा बागेतल्या ओळींमधल्या गवताला लॉन मॉवर नको. तिथे ट्रॅक्टरचा स्लॅशर किंवा मल्चर. बांध, उतार आणि झाडांच्या बुंध्यांसाठी ब्रश कटर. सपाट दोन एकर लॉन ब्रश कटरने कापणारे लोक मी पाहिले आहेत. पाठ जाते, पेट्रोल जाते आणि उंची कुठेच एकसारखी येत नाही.

कोणतेही यंत्र असो, एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दहा दिवस चुकले की कोणतेही यंत्र संथ होते. दर आठवड्याला कापलेल्या गवतात तेच यंत्र भरभर चालते, आणि बारीक तुकडे जागेवरच कुजू देता येतात, म्हणजे पेटी रिकामी करण्याचा वेळही वाचतो. हे मोठ्या यंत्रापेक्षा स्वस्त पडते.

पुढचे बडिंग

लॉन मॉवरवर बडिंग थांबले नाहीत. 1840 च्या सुमारास अर्ल ऑफ ड्यूसी आणि रिचर्ड क्लायबर्न यांच्याबरोबर त्यांनी चारा कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्यातही फिरत्या नळकांड्यावरची पिळदार पातीच होती. म्हणजे कापड, हिरवळ आणि जनावरांची वैरण, तिन्हींना एकच युक्ती. तुमच्या गोठ्यातली कडबा कुट्टी मोठ्या चाकावरच्या पात्यांची असेल, पण काम तेच. स्क्रूने तोंड लहान-मोठे करता येणारा पाना बनवण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. अशा पान्याशिवाय आज कोणाच्याही ट्रॅक्टरची पेटी पूर्ण होत नाही.

अखेरच्या वर्षांत ते डर्स्ली या गावी जॉर्ज लिस्टर यांच्याकडे लोकर पिंजण्याच्या यंत्रांवर काम करत होते. लिस्टर हे नाव ओळखीचे वाटले ना? जॉर्ज यांचे पुत्र रॉबर्ट ॲश्टन लिस्टर यांनी 1867 मध्ये त्याच गावी स्वतःचा कारखाना काढला. त्याच कारखान्याच्या इंजिनांच्या धर्तीवर बनलेली डिझेल इंजिने पुढे आपल्याकडच्या विहिरींवरही धडधडू लागली.

बडिंग 1846 मध्ये डर्स्ली येथे वारले. वय पन्नासच्या आसपास. हिरवळीवरचे टेनिस, घरामागची छोटी लॉन्स, इंजिनाचे मॉवर, यातले काही त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या रचनेचे एक जुने यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्याचे नळकांडे आणि आजच्या नव्या रील मॉवरचे नळकांडे शेजारी ठेवले, तर गिरणीत काम केलेल्या माणसाला दोन्ही एकाच घरातली वाटतील.