कमलाबाई निंबकर

मनुष्य आजारातून उठला, म्हणजे वैद्याचे काम संपले असे सामान्यतः समजले जाते. परंतु ताप उतरला, जखम भरून आली, तरी लुळा पडलेला हात पूर्ववत होतोच असे नाही. ज्या हाताने घास तोंडात जाई, सदऱ्याची गुंडी लागे, पाटीवर अक्षर उमटे, तोच हात आता निश्चल पडून राहतो. घरची माणसे मायेने भरवितात, कपडे घालतात. त्यांची सेवा मोलाची खरी. पण प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठी दुसऱ्याची वाट पाहावी लागणे, हे दुःख माणसाच्या मनाला आतून पोखरीत असते. हे दुःख हलके करणारी विद्या भारतात रुजावी म्हणून ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, त्या कमलाबाई निंबकर होत.

कमलाबाईंचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. त्यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील एक पंथ आहे. साधी राहणी, शांततेची आवड व लोकसेवा यांना या पंथात मोठे महत्त्व असते. शिक्षणासाठी अमेरिकेत आलेले विष्णु निंबकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि पुढे त्या निंबकर कुटुंबाच्या सूनबाई झाल्या. १९३० साली त्या भारतात आल्या. मिठाच्या सत्याग्रहाने तेव्हा सारा देश ढवळून निघाला होता. एलिझाबेथच्या कमलाबाई झाल्या, आणि मुंबई हे त्यांचे कार्यक्षेत्र बनले. आरंभी त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणात लक्ष घातले.

पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक जायबंदी झाले होते. त्यांना पुन्हा उभे करण्याच्या प्रयत्नांतून पाश्चात्त्य देशांत व्यवसायोपचार या शास्त्राला चालना मिळाली. कमलाबाईंनी फिलाडेल्फिया येथे जाऊन या शास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले. चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होणे ही सोपी गोष्ट नव्हे. परंतु भारतात या विद्येची किती निकड आहे, हे त्यांना ठाऊक होते.

१९५० साली मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. संपूर्ण आशिया खंडात अशी ही पहिलीच शाळा होती. त्या वेळी कमलाबाईंच्या वयाला पन्नास वर्षे झाली होती. बहुतेक माणसे ज्या वयात विसाव्याचा विचार करू लागतात, त्या वयात त्यांनी एका नव्या कार्याचा पाया घातला.

व्यवसायोपचार हा शब्द ऐकला, म्हणजे धंदेशिक्षणाचा भास होतो. परंतु येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर जी जी कामे करतो ती सर्व. जेवणे, अंघोळ करणे, लिहिणे, खेळणे, शेत राखणे, स्वयंपाक करणे ही सारी कामे त्यात येतात. काम हेच येथे औषध असते. हातमागावर धोटा फेकताना खांदा व कोपर हलतात, ओली माती मळताना बोटांत बळ येते, लाकडावर रंधा मारताना संपूर्ण बाहूला व्यायाम घडतो. कोणते काम किती वेळ करावे आणि ते पायरीपायरीने कसे वाढवावे, हे रोग्याची प्रकृती पाहून ठरविले जाते.

तथापि काही वेळा गेलेली शक्ती परत येत नाही. अशा वेळी हात कामाजोगा करता येत नसेल, तर काम हाताजोगे करावे लागते. येथे साधी साधी साधने उपयोगी पडतात. बोटे नीट मिटत नसतील, तर चमच्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून मूठ जाड करतात. हात डोक्यापर्यंत पोचत नसेल, तर लांब दांड्याचा कंगवा देतात. गुंडी अडकविण्यास तारेचा आकडा पुरतो. मनगट लोंबत असेल, तर ते योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार बांधतात. वाटीखाली ओला फडका घातला, की ती घसरत नाही.

ही साधने परदेशातून जशीच्या तशी आणून भागत नाही. तेथील माणूस मेजाशी बसून काट्याचमच्याने जेवतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत जमिनीवर मांडी घालून हाताने जेवतात. विळीवर भाजी चिरताना पाट पायाने दाबून दोन्ही हात वापरावे लागतात. एकच हात चालत असलेल्या गृहिणीला ते कसे जमावे? तिला लाकडी फळीवर उलट बाजूने ठोकलेले दोन न गंजणारे खिळे पुरतात. त्यांच्या वर आलेल्या टोकांवर बटाटा रोवला, की एका हाताने सुरी चालविता येते. परळच्या गिरणीतला विणकर, आरे वसाहतीच्या गोठ्यात धार काढणारा गवळी आणि कोकणातला शेतकरी यांच्या हातांची कामे निरनिराळी. म्हणून त्यांच्या गरजाही निरनिराळ्या. रोग कोणता, एवढे विचारून व्यवसायोपचारतज्ज्ञ थांबत नाही. या माणसाला काय करावयाचे आहे, हेही तो विचारतो.

एका शाळेने एवढ्या मोठ्या देशाची गरज भागणार नाही, हे कमलाबाई जाणून होत्या. १९५२ साली त्यांच्या पुढाकाराने या शास्त्राच्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी दहा देशांनी मिळून व्यवसायोपचाराचा जागतिक संघ स्थापन केला. त्या दहांत भारताचे नाव होते. १९५८ साली नागपूर येथेही या विषयाची शाळा सुरू झाली. अपंगांच्या पुनर्वसनाविषयी कमलाबाईंनी विपुल लेखनही केले.

१९७९ साली त्यांचे निधन झाले. फलटण येथील कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांचे नाव चालवीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली अत्यावश्यक साहाय्यक साधनांची एक यादी प्रसिद्ध केली. तीत चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, काठी अशी ५० साधने आहेत. साधने वाढली, सुधारली. परळची ती शाळा आजही नवे तज्ज्ञ घडवीत आहे. दूर देशी जन्मलेल्या या स्त्रीने भारताला आपले मानले आणि परावलंबी झालेल्या असंख्य माणसांना आपला घास आपल्या हाताने खाण्याचा मार्ग मोकळा करून दिला.