फुलांचे गुपित उकलणारे मुख्याध्यापक

ख्रिश्चन कोनराड स्प्रेंगेल यांचे शिक्षण धर्मशास्त्राचे आणि भाषांचे. १७५० साली जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग येथे जन्मलेले स्प्रेंगेल १७८० पासून बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावात शाळेचे मुख्याध्यापक होते. फुलांचा नाद लागला तो डॉक्टरांमुळे! तब्येतीसाठी मोकळ्या हवेत वनस्पती पाहत फिरा, असा त्यांचा सल्ला होता.

१७८७ मध्ये एका रानटी जिरेनियमच्या पाकळ्यांच्या तळाशी स्प्रेंगेल यांना बारीक केस दिसले. देवाने केलेली गोष्ट विनाकारण नसणार, अशी त्यांची श्रद्धा. आतल्या मधुरसात पावसाचे पाणी मिसळू नये म्हणून हे केस आहेत, हे त्यांनी ताडले. पण हा रस राखायचा कोणासाठी? तर कीटकांसाठी. पुढच्याच वर्षी एका इवल्या निळ्या फुलातले पिवळे कडे पाहून त्यांना कळले, की ही रसाकडे नेणारी खूण आहे. मग तासन्‌तास रानात बसून त्यांनी निरीक्षणे केली आणि १७९३ मध्ये ४६१ वनस्पतींची माहिती देणारा ग्रंथ काढला. रंग, वास, मध ही कीटकांना बोलावण्याची साधने. ज्या फुलांकडे यातले काहीच नाही, ती वाऱ्यावर विसंबतात. म्हणून त्यांचे पराग हलके आणि भरमसाट असतात.

सटाण्याच्या शिवारात हे दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. मक्याच्या तुऱ्यातले पराग वारा कणसाच्या केसांवर नेऊन टाकतो. एका केसामागे एक दाणा. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डोंगळ्यांचे तसे नाही. त्यांच्या फुलात पराग आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या फुलाचे पराग आणायला मधमाशीच हवी. डोंगळे फुलात असताना कीटकनाशक फवारले, तर बी कमी धरते ते यामुळेच. पराग आणि स्त्रीकेसर यांच्या वेळेतला हा फरक स्प्रेंगेल यांनी १७९० मध्ये एका रानफुलात टिपला होता.

ग्रंथाला मात्र वाचक मिळाले नाहीत. विद्वानांनी दुर्लक्ष केले, गटे यांनाही हे विचार पटले नाहीत. शाळेकडे लक्ष नाही, अशा पालकांच्या तक्रारी होत्याच. त्यात तथ्यही असावे. १७९४ मध्ये स्प्रेंगेल यांना निवृत्त करण्यात आले. बर्लिनमध्ये शिकवण्या करून आणि रविवारी थोड्या पैशांत लोकांना वनस्पती दाखवत ते जगले. १८११ मध्ये त्यांनी मधमाश्या पाळण्याच्या उपयोगावर एक पुस्तिका लिहिली. मध दुय्यम, खरा लाभ पिकाला, हे त्यात मांडले.

१८१६ मध्ये ते वारले. त्यांची कबर कुठे आहे, हे आज माहीत नाही. पंचवीस वर्षांनी, १८४१ मध्ये, रॉबर्ट ब्राऊन यांनी तो विस्मृतीत गेलेला ग्रंथ डार्विन यांना वाचायला सुचवला. पुढे डार्विन यांनी ऑर्किडच्या परागीभवनावर पुस्तक लिहिले आणि स्प्रेंगेल यांचे नाव वनस्पतिशास्त्रात पुन्हा घेतले जाऊ लागले.