अभियंता कथाकार सुजाता

मतदान केंद्रात आपण ज्या यंत्रावरील बटण दाबतो, त्याच्या घडणीत तमिळ भाषेतील एका कथाकाराचा मोठा वाटा होता. हे कथाकार म्हणजे 'सुजाता'. त्यांचे खरे नाव एस. रंगराजन.

त्यांचा जन्म 3 मे 1935 रोजी चेन्नईतील तिरुवल्लिक्केणी येथे झाला. वडिलांच्या सतत बदल्या होत असल्याने त्यांचे बालपण कावेरीकाठच्या श्रीरंगम येथे आजीच्या सहवासात गेले. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात भौतिकशास्त्र आणि मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत इलेक्ट्रॉनिक्स हे विषय त्यांनी अभ्यासले. पुढे राष्ट्रपती झालेले ए. पी. जे. अब्दुल कलाम हेही याच दोन संस्थांचे विद्यार्थी होते.

काही काळ नागरी विमान वाहतूक खात्यात काम केल्यावर रंगराजन बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीत रुजू झाले. तेथे मतदान यंत्राच्या निर्मितीत त्यांनी महत्त्वाची जबाबदारी सांभाळली. 1982 साली केरळमधील परवूर मतदारसंघात हे यंत्र प्रथम वापरले गेले. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर पोहोचले.

नोकरी करीत असतानाच त्यांचे लेखन चालू होते. रा. कि. रंगराजन नावाचे दुसरे लेखक तमिळ साप्ताहिकात प्रसिद्ध असल्याने वाचकांचा घोटाळा होऊ नये, म्हणून त्यांनी पत्नीचे नाव टोपणनाव म्हणून घेतले. वाचकांच्या मनात पुढे तेच नाव राहिले.

'रोजा' (1992) आणि 'इंडियन' (1996) या चित्रपटांचे संवादलेखक म्हणून त्यांना पुष्कळ लोक ओळखतात. त्यांच्या विज्ञान-भयकथा मात्र तमिळ भाषेबाहेर फारशा परिचित नाहीत. 'कोलैयुदिर कालम्' या कादंबरीत एका घराण्यावर भुताची छाया असल्याची वदंता आहे. गणेश आणि वसंत हे दोन वकील तेथे जातात. अंगावर काटा आणणारे प्रसंग एकामागून एक घडतात. वसंतला भुताची शंका येते, तर गणेश विज्ञानाच्या आधारे उत्तर शोधू लागतो. वाचक घाबरतो खरा, पण घाबरता घाबरता विचारही करू लागतो.

'एन् इनिय इयंदिरा', म्हणजे 'माझ्या प्रिय यंत्रा', या कादंबरीतील भय निराळे आहे. येथे भूत नाही. एकविसाव्या शतकातील भारतावर जीवा नावाच्या हुकूमशहाची सत्ता आहे. नावे दोनच अक्षरांची ठेवावी लागतात. मूल होण्यासाठीही सरकारची परवानगी लागते. एके दिवशी निला या तरुणीचा पती नाहीसा होतो. तिच्या मदतीला येतो जीनो हा यंत्र-कुत्रा. शेवटी कळते, की ज्याच्या धाकाने सारा देश थरथरत होता, तो जीवा मुळात माणूसच नाही, केवळ प्रकाशाने उभी केलेली प्रतिमा आहे. या कथेवर पुढे दूरदर्शन मालिका निघाली. 'मीण्डुम् जीनो' हा तिचा उत्तरार्धही वाचकप्रिय ठरला.

जनतेचे मत नोंदविणारे यंत्र घडविणाऱ्या अभियंत्याने ही कथा लिहावी, याला अर्थ आहे. यंत्र चांगले की वाईट, हे ते चालविणाऱ्यावर अवलंबून असते. प्रश्न विचारणे सोडून दिलेल्या समाजाला साधी प्रतिमाही गुलाम करू शकते, हे त्यांनी जाणले होते.

निवृत्तीनंतर ते चेन्नईत राहिले. विज्ञानप्रसाराच्या कार्यासाठी 1993 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंकर यांच्या 'एन्दिरन्' या चित्रपटासाठी ते संवाद लिहीत होते. माणसासारख्या भावना लाभलेला यंत्रमानव संहारक कसा बनतो, याची ती कथा. मात्र 27 फेब्रुवारी 2008 रोजी चेन्नईत त्यांचे निधन झाले. 2010 साली चित्रपट प्रदर्शित झाला, हिंदीत तो 'रोबोट' या नावाने आला. तो पाहण्यास सुजाता नव्हते. मात्र त्यांनी कथांतून विचारलेला प्रश्न आजही आपल्यासमोर आहे: आपण यंत्र चालवतो, की यंत्रामागे लपलेला कोणी आपल्याला चालवतो?