लॉर्ड रॅले आणि पंधरा वजने

प्रयोगशाळेत एकच तोलन तीन-चार वेळा करावे, आलेल्या उत्तरांची सरासरी काढावी व ती वहीत उतरवावी, हा परिपाठ विद्यार्थिमित्रांच्या अंगवळणी पडलेला आहे. उत्तरे एका बिंदूभोवती गोळा झाली म्हणजे सरासरीवर विश्वास ठेवावयास हरकत नाही. पण तीच उत्तरे दोन निराळ्या ठिकाणी गोळा होऊ लागली, म्हणजे आलेखात एका डोंगराऐवजी दोन डोंगर व मध्ये ओसाड दरी दिसू लागली, तर काय करावे? संख्याशास्त्रात अशा मांडणीस द्विबहुलकी वितरण म्हणतात. रसायनशास्त्रातील त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ज्यांच्या हातून घडले, त्या लॉर्ड रॅले यांचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

जॉन विल्यम स्ट्रट हे त्यांचे मूळ नाव. १२ नोव्हेंबर १८४२ रोजी इंग्लंडातील एसेक्स परगण्यात एका जमीनदार सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक. त्यामुळे ईटन व हॅरो या दोन्ही नामांकित शाळा त्यांस लवकरच सोडाव्या लागल्या. पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात मात्र त्यांची बुद्धी प्रकट झाली आणि १८६५ मध्ये गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. १८७२ मध्ये संधिवाताच्या तापाने त्यांस ग्रासले. विश्रांतीसाठी ते ईजिप्तला गेले व तेथे नाईल नदीवरील नौकेत बसून त्यांनी ध्वनिशास्त्रावरील आपल्या मोठ्या ग्रंथास आरंभ केला. दुसऱ्या वर्षी वडील वारले आणि सरदारकी त्यांजकडे आली.

सरदारांचे वाडे पाहत वाढलेल्या आम्हां ग्वाल्हेरकरांस सरदारांचे नवल नाही. परंतु वाड्यातच प्रयोगशाळा थाटून तेथे आयुष्य वेचणारा सरदार विरळाच. शेतीचा व्याप त्यांनी धाकट्या बंधूंवर सोपविला. मॅक्सवेल यांच्या निधनानंतर १८७९ पासून पाच वर्षे त्यांनी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्राध्यापकी केली आणि मग ते टर्लिंग येथील आपल्या वाड्यात परतले.

तेथे त्यांनी वायूंच्या घनतेचे काम पुढे चालविले. सुमारे १.८ लिटर मावेल असा काचेचा गोल घ्यावयाचा, तो निर्वात करून तोलावयाचा, मग वायूने भरून पुन्हा तोलावयाचा. ऐकावयास सोपे, पण निर्वात गोल बाहेरच्या हवेच्या दाबाने किंचित आक्रसतो, एवढ्या बारीक गोष्टीचाही हिशेब त्यांनी ठेवला होता.

१८९२ मध्ये नत्रवायूची पाळी आली. एका रीतीत हवा तापलेल्या तांब्यावरून नेऊन तिच्यातील प्राणवायू काढून टाकला. दुसरीत हवा अमोनियातून नेली, म्हणजे नत्रवायूचा काही हिस्सा अमोनियातून आला. दोन वजनांत हजारात एक इतका फरक पडला. दुसऱ्या कोणी तो हाताचा दोष म्हणून सोडून दिला असता. रॅले यांनी उलट तो फरक वाढवून पाहिला. हवेऐवजी शुद्ध प्राणवायू वापरून सगळाच नत्रवायू अमोनियातून मिळविला, तेव्हा फरक दोनशेत एक इतका झाला! त्यांनी नेचर या साप्ताहिकात पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांची मदत मागितली. कोडे काही सुटले नाही.

मग १८९३ च्या नोव्हेंबरअखेरपासून १८९४ च्या फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत पंधरा वजने झाली. हवेतून काढलेल्या वायूची सात, निरनिराळ्या रासायनिक संयुगांतून काढलेल्याची आठ. पहिली सारी २.३१ ग्रॅमच्या अगदी जवळ, दुसरी २.२९८ ते २.३०२ ग्रॅमच्या दरम्यान. पंधरांची मिळून सरासरी काढली तर सुमारे २.३०४५ येते, आणि त्या जागी एकही वजन पडलेले नाही! दोन गटांच्या सरासरींतील अंतर साडेदहा मिलिग्रॅम, म्हणजे गुंजेच्या दहाव्या भागाहूनही थोडे कमी. लष्करच्या सराफ्यातील काट्यावरही त्यासाठी कोणी घासाघीस केली नसती.

हलक्या वायूत हायड्रोजन मिसळला असेल काय? रॅले यांनी जड वायूत मुद्दाम हायड्रोजन घालून तो नेहमीच्याच रीतीने शुद्ध केला. वजन बदलले नाही. नत्रवायूचे रेणू फुटले असतील काय? विजेच्या विसर्गाने ते तपासले, वायू आठ महिने साठवूनही पाहिला. फरक जागच्या जागी. तेव्हा एकच शक्यता उरली. हवेतल्या नत्रवायूत आणखी काही जड वायू दडलेला असला पाहिजे.

येथे विल्यम रॅम्झी पुढे आले. त्यांनी तापलेल्या मॅग्नेशियमकडून नत्रवायू शोषवून घेतला. रॅले यांनी विजेच्या ठिणग्यांनी तो प्राणवायूशी जोडून दूर केला. ही दुसरी युक्ती हेन्री कॅव्हेंडिश यांची. १७८५ मध्ये त्यांच्याही नळीत शेवटी एक न विरणारा बुडबुडा उरला होता आणि त्यांनी तो नोंदवून ठेवला होता. शंभरांहून अधिक वर्षे त्या नोंदीकडे कोणी वळून पाहिले नाही, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

एकाच शोधावर दोघे काम करीत असता कलह माजावयास वेळ लागत नाही. परंतु दोघांनी पत्रव्यवहार ठेवला, ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे शोध एकत्र जाहीर केला व ३१ जानेवारी १८९५ रोजी रॉयल सोसायटीपुढे संयुक्त निबंध मांडला. नव्या वायूचे नाव आरगॉन, म्हणजे ग्रीक भाषेत आळशी. कारण तो कोणाशी संयोग पावत नाही. मेंडेलीव्ह यांच्यासारख्या थोरांस आपल्या कोष्टकात त्याला जागा दिसेना. हा तीन अणूंचा नत्रवायूच असावा, असे त्यांस वाटले. पुढे रॅम्झी यांनी हेलियम मिळविला आणि ट्रॅव्हर्स यांच्यासह निऑन, क्रिप्टॉन व झेनॉन शोधले; तेव्हा कोष्टकात एक सबंध नवा स्तंभच उभा राहिला. हवेत आरगॉन शेकडा ०.९३ आहे. विजेच्या दिव्यात तो भरतात, धातूंच्या जोडकामातही वापरतात.

१९०४ चे नोबेल पारितोषिक भौतिकीसाठी रॅले यांस व रसायनासाठी रॅम्झी यांस मिळाले. दोघांचेही पाय आपल्या देशास लागले होते. रॅले १८९७-९८ च्या हिवाळ्यात येऊन गेले. रॅम्झी १९०० मध्ये जमशेटजी टाटा यांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठी जागा पाहावयास आले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. रॅले यांनी पारितोषिकाची रक्कम केंब्रिज विद्यापीठास, मुख्यतः कॅव्हेंडिश प्रयोगशाळेच्या वाढीसाठी, देऊन टाकली. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगच्या वाड्यात त्यांचा अंत झाला.