पंडिता रमाबाई : देवाशी हिशेब न मांडणारी श्रद्धा

गेल्या पावसाळ्यात माझे बाबा वारले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांची उभी हयात गेली. आम्ही ख्रिस्ती. आईने उपास केले, पाळकसाहेब रोज संध्याकाळी येऊन प्रार्थना करीत, मी रात्र रात्र गुडघे टेकून बसलो. बाबा वाचले नाहीत. त्यानंतर कित्येक रविवार मी उपासनेला गेलो नाही. देव नाही, असे मला वाटत नव्हते. तो आहे आणि तरी त्याने ऐकले नाही, याचेच दुःख होते. अशा मनःस्थितीत कॉलेजच्या ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती लागले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आज आपल्या कर्नाटकात आहे. रमाबाईंना मराठी आणि संस्कृतबरोबर कन्नडही येत असे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने लेकीला. सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. व्रते करावीत, जवळचे दान करावे, म्हणजे देव सांभाळील, ही त्यांची निष्ठा. पण दुष्काळ आला, होते नव्हते ते संपले आणि १८७४च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही गेली. रमाबाई तेव्हा अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास याच्यासह अर्धपोटी, पायी हिंडत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण आईवडिलांच्या देवांवरचा त्यांचा विश्वास वाटेतच उडाला होता.

१८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

आता दुःख संपले असेल, असे मला वाचताना वाटले होते. तसे झाले नाही. त्यांना डॉक्टर व्हायचे होते; वाढत्या बहिरेपणामुळे ते राहून गेले. बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षे मनाला शांती नव्हती, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी ती अवस्था. १८९१च्या सुमारास त्यांना उमगले की कृपा कमवायची नसते, ती नुसती घ्यायची असते.

दरम्यान १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादावरून अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी त्या खचल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. ज्या उपासमारीने त्यांचे आईबाप नेले, तिच्याच तोंडातून त्यांनी दुसऱ्यांच्या मुली सोडविल्या.

मनोरमा शिकून आईचा उजवा हात झाली. तीच पुढे सारे सांभाळणार, असे ठरले होते. २४ जुलै १९२१ रोजी ती चाळिसाव्या वर्षी वारली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि प्रकृती ढासळली होती. हिब्रू व ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम अजून चालू होते. ते त्यांनी सोडले नाही. ते पुरे करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

एकीने तरुणपणी देव सोडले, तीच त्रेसष्टाव्या वर्षी देवाला का धरून राहिली? एक धर्म हरला आणि दुसरा जिंकला, असा अर्थ मी काढीत नाही. घरातल्या निष्ठेत व्रताच्या बदल्यात रक्षण, असा सौदा होता. तो मोडताच विश्वास मोडला. पुढे त्यांनी सौदाच केला नाही, म्हणून मोडायला काही उरले नव्हते. दुःख मात्र उरलेच असणार. पोटची पोर गेल्यावर कोणत्या आईला ते चुकले आहे? मी ख्रिस्ती म्हणवीत असूनही तोच जुना सौदा मांडून बसलो होतो : इतके उपास, इतक्या रात्री, त्यांच्या बदल्यात बाबा.

बाबा का गेले, याचे उत्तर मला या चरित्रात मिळाले नाही. पण गेल्या रविवारी मी आईबरोबर देवळात गेलो. यंदा काही मागितले नाही. बाबांच्या नेहमीच्या बाकावर बसलो, आणि आईला एकटीने घरी परतावे लागले नाही.